साडेतीन हजार फुटांचा हिशोब

अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचं भीमकुंड किती खोल, हे कुणालाही विचारा. उत्तर तयार असतं: साडेतीन हजार फूट. पर्यटनाच्या माहितीत हा आकडा आहे, रील्समध्ये आहे, गाडीत शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडी आहे. तो इतका पाठ झालाय की त्याची साधी वजाबाकी करून बघावी असं कुणाला वाटत नाही.

वजाबाकी सोपी आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर, म्हणजे साधारण ३,६७० फुटांवर. तिथून साडेतीन हजार फूट उतरलात तर समुद्र फक्त पावणेदोनशे फूट खाली राहतो. आणि डोंगराच्या पायथ्याचं अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर, म्हणजे बाराशे फुटांच्या वर आहे. दरीचा तळ पायथ्यापेक्षा हजार फूट खाली असेल, तर कुंडातलं पाणी परतवाड्याकडे चढून यायला हवं. इथलं सगळ्यात उंच ठिकाण वैराट, १,१७७ मीटर. वैराटच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत अख्खा डोंगर मोजला तरी आठशे मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वीसशे फूट भरतो. त्यात एका कुंडाला साडेतीन हजार फूट कुठून देणार?

आणखी एक गंमत. व्हेनेझुएलाचा एंजल हा जगातला सर्वांत उंच धबधबा, ९७९ मीटरचा, फुटांत ३,२१२. भीमकुंडात कोसळणारी धबधब्याची धार खरोखर साडेतीन हजार फुटांची असती, तर भूगोलाच्या पुस्तकांत व्हेनेझुएलाच्या जागी अमरावती जिल्हा छापावा लागला असता.

पण आकडा खोटा म्हणून जाणं रद्द करू नये. उलट हा एक आकडा बाजूला सारला की त्याच्यामागे दडलेले खरे आकडे दिसायला लागतात, आणि ते याच्यापेक्षा फार दांडगे आहेत.

जायचं कसं, हे पटकन सांगतो. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, पुढे घाट चढून तीसेक. अकोलेकरांना अकोट, अंजनगाव करत परतवाडा गाठता येतो. परतवाड्याहून वर जायला दोन वाटा: एक धामणगाव गढी-मोथा मार्गे, दुसरी घटांग मार्गे. एकीने जावं, दुसरीने यावं. टूरवाल्याचं पॅकेज घेऊ नये, कारण पॅकेजमध्ये एका पॉइंटला वीस मिनिटं मिळतात आणि पावसाळ्यात वीस मिनिटांत भीमकुंडावर धुक्याशिवाय काही दिसेलच याची खात्री नाही. पावसाळ्यातला रविवार तर टाळाच. घाटात गाड्यांची रांग लागते आणि मग आवाज येतो तो हॉर्नचा.

एकट्याने, एसटीने, आठवड्यातल्या मधल्या वारी गेलं की हाताशी वेळ असतो. कठड्याशी पोचावं तर समोर पांढरं, खाली पांढरं, वर पांढरं. कुंड नाही, दरी नाही, फक्त कुठूनतरी खालून येणारा पाण्याचा घनघोर आवाज. शेगडीवर भुट्टे भाजणारा माणूस तुमच्याकडे बघतही नाही.

“काई दिसणार नाई भाऊ आता. घंटाभर थांबा, वारा सुटला का उघडते.”

“खोल किती आहे?”

“साडेतीन हजार फूट.”

“मोजलं कोणी?”

तो भुट्टा फिरवतो, लिंबाची फोड मिठात बुडवतो. “भीमानं.”

यावर वाद नाही. भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकलं, आणि मग कुंडात हात धुतले, अशी इथली कथा. कीचकाचा दरा तो चिखलदरा, असंही सांगतात.

धुकं असताना डोळ्यांचं काम कानांना द्यावं. त्यासाठी पंचबोल पॉइंट उत्तम. इथे हाक मारली की डोंगर पाच वेळा उत्तर देतात अशी ख्याती. पाच येतात की तीन, यावर तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक घोळक्यात वाद चाललेला असतो. वाद सोडा, घड्याळ बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जाऊन परत यायचं असल्याने प्रत्येक सेकंदाला अंतर १७० मीटर धरायचं. हाक दोन सेकंदांनी परत आली तर समोरचा कडा ३४० मीटरवर. चार सेकंद लागले तर ६८० मीटरवर. धुक्यात बुडालेली, एक झाडसुद्धा न दिसणारी दरी अशी कानाने मोजता येते. सिडकोने चिखलदऱ्यात गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा ४०७ मीटरांचा स्कायवॉक हाती घेतला. माणसाला काचेवरून जीव मुठीत धरून जायला जे अंतर, ते हाक सव्वा सेकंदात कापते.

धुकं उघडलं की डोळ्यांची पाळी. दरीत दगड टाकू नका, खाली जनावरं असतात, क्वचित माणसंही. पाण्याकडेच बघा. धार एकसारखी पडत नाही. तिच्यातून पाण्याचे पांढरे गठ्ठे सुटतात. एक गठ्ठा कड्यावरून सुटताना नजरेत धरायचा आणि आदळेपर्यंत सेकंद मोजायचे. सेकंदांचा वर्ग करून पाचाने गुणलं की मीटर. दोन सेकंद म्हणजे वीस मीटर, तीन म्हणजे पंचेचाळीस, चार म्हणजे ऐंशी. हिशोब थोडा वरचढ येतो, कारण हवा पाण्याला अडवते. ही अडवणूक काही लहानसहान नाही. हवा नसती तर दीड किलोमीटरवरच्या ढगातून सुटलेला पावसाचा थेंब ताशी सहाशे किलोमीटरच्या वेगाने डोक्यात बसला असता, आणि चिखलदरा ज्यात आहे त्या मेळघाटात छत्री नव्हे, चिलखत घालून यावं लागलं असतं. प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या पुढे जात नाही. धबधब्याच्या धारेतून सुटलेले बारीक थेंब तर इतके मंदावतात की दरीतला वारा त्यांना उचलून वर आणतो. कठड्यावर उभं राहून तोंडावर जो पाऊस लागतो, त्यातला बराचसा खालून आलेला असतो.

धबधब्याच्या आकड्यांत भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूलचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १८४७ साली लग्नानंतर बायकोला घेऊन तो आल्प्समध्ये गेला होता. तिथे तो धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी थर्मामीटरने तपासत हिंडत होता, हा लॉर्ड केल्विनने सांगितलेला किस्सा. किस्सा तिखटमीठ लावलेला असेल, पण भौतिकशास्त्र खरं आहे. पडलेल्या पाण्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला ते ४२७ मीटर पाडावं लागतं. म्हणजे चिखलदऱ्यापासून पायथ्यापर्यंतच्या साऱ्या उड्या मिळून पाणी पावणेदोन अंशांनी तापणार. हवेचं गणित वेगळं. उंचीच्या दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटतं. अकोला २८२ मीटरवर, चिखलदरा १,११८ मीटरवर. साडेआठशे मीटरहून थोडा कमी फरक, तापमानात सव्वापाच-साडेपाच अंश. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसला टेकला असताना हे साडेपाच अंश म्हणजे काय, ते अकोलेकरांना सांगायला नको.

उंचीच्या जागतिक यादीत आपला नंबर कुठे? कुठेच नाही. महाराष्ट्रातच साताऱ्याजवळचा भांबवलीचा वज्राई तीन टप्प्यांत ५६० मीटर कोसळतो. मेक्सिकोचा पिएद्रा व्होलादा ४५३ मीटर, बासासेआची २४६. पण जगभरातले लोक पाठीवर पिशवी टाकून मेक्सिकोच्या जंगलात जातात ते यांच्यासाठीच नव्हे. पालेंकेजवळचा मिसोल-हा बघायला माणसं सातासमुद्रापलीकडून येतात, आणि तो आहे फक्त ३५ मीटर. त्याच चियापास राज्यातला निळ्याशार पाण्याचा अग्वा आसूल तर आणखी बुटका. पण २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, सप्टेंबरातल्या मोठ्या भूकंपानंतर, नदीने वाट बदलली आणि तो आटला, तेव्हा गावकऱ्यांनी घमेली-फावडी घेऊन पाणी जुन्या वाटेला वळवलं. धबधब्याचं मोल त्याच्या उंचीत नसतं, हे त्यांना आधीच कळलं असावं. आपल्याकडे मात्र प्रत्येक पॉइंटला आकडा चिकटवल्याशिवाय समाधान नाही.

आकड्यांच्या बाबतीत मुक्तागिरीचा हात कुणी धरू शकत नाही. परतवाड्यापासून जवळच, पण हद्दीने मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात. ५२ जैन मंदिरं, चढ-उतार मिळून सहाशेच्या आसपास पायऱ्या, मधोमध अडीचशे फुटांचा म्हणून सांगितला जाणारा धबधबा, आणि इथून मोक्षाला गेलेले मुनी साडेतीन कोटी. २०११ च्या जनगणनेत अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सत्तेचाळीस लाख होती. म्हणजे अशा सात जोड्यांहून जास्त माणसं एका डोंगरावरून मुक्त झाली. श्रद्धेच्या आकड्याची वजाबाकी करायची नसते. तो मोजणीसाठी सांगितलेलाच नसतो. भीमकुंडाचा आकडा मात्र फुटांत सांगतात, म्हणून त्याची झडती घ्यावी लागते.

आता पावसाकडे वळू. चिखलदऱ्यात वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. अकोल्यात त्याच्या निम्मा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लीटर. दोन मिलिमीटर व्यासाचे थेंब धरले तर एका लीटरमध्ये दोन लाख चाळीस हजार थेंब बसतात. म्हणजे चिखलदऱ्यातल्या एका चौरस मीटरवर, एका खाटेपेक्षाही लहान जागेत, एका पावसाळ्यात छत्तीस कोटी थेंब पडतात. २०११ मध्ये साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती.

पाटबंधारेवाल्यांची भाषा इथे फार कामाची. पावसाळ्यात वऱ्हाडातली वर्तमानपत्रं रोज ‘दलघमी’ छापतात, म्हणजे दशलक्ष घनमीटर. धरणांची पूर्ण क्षमता अशी: काटेपूर्णा ८६.३५ दलघमी, वान ८२ च्या आत, शहानूर ४६, अप्पर वर्धा ५६४. शब्द रुक्ष वाटतो, पण त्यात एक सोय आहे: एका चौरस किलोमीटरवर एक मीटर पाऊस पडला की बरोबर एक दलघमी पाणी होतं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र गाभा आणि बफर मिळून २,७६८ चौरस किलोमीटर. मीटरभर पाऊस धरा, मेळघाटात तेवढा सहज होतो. झाले २,७६८ दलघमी. म्हणजे पाच अप्पर वर्धा. किंवा अकोला शहराची तहान ज्याच्यावर अवलंबून, अशी बत्तीस काटेपूर्णा धरणं, काठोकाठ. यातलं बरंच पाणी माती पिते, साग पितो, उन्हाने उडून जातं. नदीला लागतं ते उरलेलं. तरीसुद्धा कठड्यावरून जी धार दिसते ती या हिशोबातली दशांशचिन्हानंतर बरीच मागे येणारी रक्कम आहे.

पाणी ज्या पायऱ्यांवरून उड्या मारतं त्या पायऱ्यांचं वय सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास. दख्खनच्या पठारावर लाव्हा एकदाच वाहिला नाही. थरावर थर साचत गेले, मधल्या काळात वरचा थर कुजून मऊ झाला, त्यावर पुन्हा नवा. कठीण थराचा कडा राहतो, मऊ थर पाण्याने पोखरला जातो, आणि धबधबा तयार होतो. झिजून उरलेला हा काळा पाषाण आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार.

आणि इथे साडेतीन हजार फूट वेगळ्याच दाराने परत येतात. चिखलदरा ज्या गाविलगडाच्या डोंगररांगेत आहे, तिच्या दक्षिण पायथ्याशी जमिनीत मोठा भ्रंश आहे. त्याच्या उत्तरेला पाषाण वर आला, दक्षिणेला खाली खचला. खचलेला खड्डा पूर्णा नदीने आणि डोंगरातून उतरणाऱ्या तिच्या लेकींनी गाळाने भरत आणला. दर्यापूर-अकोटकडे काळ्या रानातून जाताना ज्याला आपण सपाट जमीन म्हणतो ती या खड्ड्याची वरची साय. काही ठिकाणी गाळ तीनशे मीटरपेक्षा खोल आहे. जमिनीची पातळी तिथे समुद्रापासून पावणेतीनशे-तीनशे मीटरच्या दरम्यान, म्हणजे खालचा काळा पाषाण लागतो तो समुद्रसपाटीच्या आसपास. वर चिखलदऱ्याला तोच पाषाण १,११८ मीटरवर. दोन्हींतला फरक फुटांत करा: साडेतीन हजारांच्या वर जातो. खोली आहे, फक्त ती कुंडात नाही, कपाशीच्या शेतांखाली आहे, आणि काठोकाठ भरलेली आहे.

याच डोंगराच्या माथ्यावर पावसाच्या दोन शेजारी थेंबांची फारकत होते. उत्तरेकडे पडलेला थेंब सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार यांपैकी कुणाच्या तरी हाती लागतो आणि तापीला जातो. दक्षिणेकडे पडलेला चंद्रभागा किंवा शहानूरला लागून पूर्णेत उतरतो. एक बऱ्हाणपूर बघत जातो, दुसरा दर्यापूर आणि अकोल्याच्या उत्तरेचं गांधीग्राम. जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि दोघे पुन्हा एका पात्रात येतात. पुढे हतनूर, उकाई, सुरत, समुद्र. तापीची एकूण लांबी ७२४ किलोमीटर, खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरांचं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये या खोऱ्यात पाऊस कोसळला तेव्हा उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडालं. क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लीटर. नऊ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला अडीच कोटी लीटर. नायगारावरून सेकंदाला पडतात सुमारे चोवीस लाख. दहा नायगारा एका नदीत. त्या वेगाने काटेपूर्णा धरण तळापासून भरायला तासही लागला नसता.

आणि तरी या डोंगराच्या पायथ्याशी प्यायला पाणी नाही. भ्रंशाच्या दक्षिणेला, त्याच गाळाच्या खड्ड्यात, खारपाणपट्टा पसरलाय: अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, सुमारे नऊशे गावांचा. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते खारं. त्याने डाळ शिजत नाही, ओलित केलं तर जमीन धरून बसते. मेळघाटातून उतरलेलं गोडं पाणी वान आणि शहानूरला अडवून नळाने या गावांना द्यावं लागतं. धबधब्याच्या कठड्यावर उभं राहून दक्षिणेला नजर टाकली की स्वच्छ दिवशी हाच मुलूख दिसतो.

त्या मुलखातली पाण्याची किंमत मोजायला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात असावं. १९४४ च्या दुष्काळात सुरू झालेली कावडयात्रा त्या दिवशी निघते. शिवभक्तांची मंडळं गांधीग्रामला जातात, पूर्णेचं पाणी भरण्यांत, म्हणजे पितळी घड्यांत, भरतात आणि कावड खांद्यावर घेऊन अठराएक किलोमीटर अनवाणी चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला आणतात. मोठ्या मंडळांच्या कावडींना शेकड्यांनी भरणे बांधलेले असतात. एका भरण्यात पाचच लीटर धरा, शंभर भरण्यांत पाचशे लीटर, म्हणजे अर्धा टन, शिवाय पितळेचं आणि बांबूंचं वजन वेगळं. खांदे बदलत, हरऽऽ बोला महादेव म्हणत ते ओझं रात्रभर रस्त्याने सरकतं. काटेपूर्णा भरायचं म्हटलं तर अशा सतरा कोटी कावडी लागतील. हिशोब मूर्खपणाचा आहे, पण रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला उभं राहून करायला तो बरा वाटतो.

राजराजेश्वरावर ओतलेलं हे पाणी उतारानं जातं ते अकोल्यातल्या मोर्णा नदीकडे, आणि मोर्णा पुढे पूर्णेलाच मिळते. गांधीग्रामला उचललेली पूर्णा माणसांच्या खांद्यावरून अकोल्याची फेरी मारून चांगदेवच्या रस्त्याला लागते.